वाऱ्याकडची बाजू

बिअर गाळणाऱ्या मापुलेंगच्या झोपडीवर पांढरं फडकं चढलं, की ज्वारीची बिअर तयार झाल्याचं अख्ख्या गावाला कळायचं. मोहापी आणि सेखोबे मात्र फडकं चढायच्या आधीच दारात हजर. दोघांत एकच डबा. सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत वर्षानुवर्षं एकाच ड्रिलवर राबलेली माणसं काय वेगवेगळ्या भांड्यांतून पितात? खाली एका बाटलीतलं पाणी, वर एका डब्यातली बिअर.

आणि मग गप्पा. खाणीच्या लिफ्टचा पिंजरा खाली सुटला की पोटात पडणारा खड्डा, रविवारी गमबूट आपटत केलेला नाच, पगाराच्या दिवशी घेतलेली कोरी घोंगडी. धुळीने मोहापीची छाती पार पोखरली होती, तरी त्याला ते दिवस हवेहवेसे वाटायचे. ते आठवायला सोबत आता एकटा सेखोबेच उरला होता.

थंडीच्या तोंडावर मोहापीचा खोकला बिघडला. दवाखान्यातली नर्स लिनेओ म्हणाली, "न्ताते, बाबा, धूळ जुनीच आहे. पण पोखरलेल्या छातीत आता टीबी शिरलाय. आजपासून गोळ्या, आणि बिअर बंद. सोबतच्यांना जपा." पुढचं मोहापीला ऐकूच आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तो डबा होता. सेखोबेच्या छातीतही थोडी धूळ होतीच.

शनिवारी तो स्वतःचा मग घेऊन गेला. आत शेकोटी पेटलेली, दार घट्ट लावलेलं. सेखोबेला खेटून बसत त्याने बिअरऐवजी आंबिलीसाठी मग पुढे केला.

"हे काय नवीन?" सेखोबे म्हणाला. "माझ्या तोंडाला वास मारतो?"

"तसं नाही रे."

"मग कसं? साहेब झालास?"

सगळे हसले. सेखोबे तेवढा हसला नाही. घोंगडी खांद्यावर टाकून तो चालता झाला, तो पुन्हा फिरकलाच नाही. मोहापीला हे खोकल्याहून जड गेलं.

गोळ्या आणायला गेल्यावर त्याने वेगळ्या मगाची गोष्ट लिनेओला मोठ्या तोऱ्यात सांगितली. तिने कपाळावर हात मारला. "अहो, टीबी डब्यातून नाही, श्वासातून लागतो! बंद झोपडीत खोकत बसलात, मग मगाचा काय उपयोग? तोंडाला फडकं बांधा, उघड्यावर बसा. आणि त्यांनाही तपासायला आणा."

मोहापीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच तो सेखोबेकडे गेला आणि अंगणातूनच सगळं सांगून टाकलं.

"आधी सांगायला जीभ झडली होती?" सेखोबे कडाडला.

"पळाला असतास."

"बोगदा कोसळला तेव्हा पळालो होतो?"

पुढच्या शनिवारी दोघं मापुलेंगच्या अंगणात बसायला आले. डोंगरावर बर्फ, वारा हाडं गोठवणारा. आतले लोक म्हणाले, म्हातारे कामातून गेले. मोहापीने तोंडावरचं फडकं नीट केलं आणि बोट दाखवलं. "तू वाऱ्याकडे बस."

सेखोबे थबकला. खाणीत हवेचा पाइप यायचा त्या बाजूला मोहापी त्याला रोज असंच उभं करायचा आणि स्वतः धुळीकडे राहायचा. त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

"तिथेही मला हीच बाजू द्यायचास," तो बसत म्हणाला.

"पोरगेला होतास तेव्हा."

"धूळ तू खाल्लीस, म्हणून मी अजून डोंगर चढतो, अबुती."

ही थोरल्या भावाला मारायची हाक होती. सेखोबेने डबा आंबिलीने काठोकाठ भरला आणि आधी मोहापीच्या हातात दिला.

"पी. सोमवारी मीही येतो दवाखान्यात."