रोज दीड मिनिट उशिरा सुटणारा बाजार

ती फिर्याद आजही आठवते, कारण फिर्यादीला आपले पैसे परत मिळवण्याची फारशी घाई नव्हती. त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते उत्तर पोलिसांकडेच मिळेल असं त्याला का वाटलं हे मला बरेच दिवस कळलं नाही.

तेव्हा मी अमरावतीला आर्थिक गुन्हे शाखेत होतो. निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असतील. शहरात एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर शेअर खरेदी-विक्रीची एक खोली चालते, परवाना नाही, सौदे बाजारापर्यंत जातच नाहीत, मालकच समोरून पैज घेतो, अशी खबर आमच्या नेहमीच्या खबऱ्याने दिली. अशा खोलीला बोलीभाषेत डब्बा म्हणतात. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि सकाळी साडेअकराच्या सुमारास छापा टाकला.

खोली स्वच्छ होती. वीसेक खुर्च्या, पडद्यांच्या तीन रांगा, भिंतीवर मोठं गोल घड्याळ. दाराशी एक वेताची टोपली आणि त्यात सगळ्यांचे मोबाईल. मालकाला विचारलं तर म्हणाला, "लक्ष इकडंतिकडं जाऊ नये म्हणून, साहेब. इथं शिस्त आहे." मला ते पटलंही. शिस्त म्हटलं की पोलिसाला बरं वाटतं.

पंचनामा आमच्या सायबर शाखेतल्या महिला हवालदार लिहीत होत्या. बाई मूळच्या तेल्हाऱ्याच्या, कामाला चिवट. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचीही नोंद घेतली: पंचाच्या मनगटी घड्याळात अकरा चाळीस, भिंतीवरील घड्याळात अकरा वाजून साडेअडतीस मिनिटे. मी वैतागून म्हणालो, "बाई, आता खुर्च्यांचे पायही मोजा." त्या शांतपणे म्हणाल्या, "सीसीटीव्हीचा टाइम लिवतो तसा याचाबी लिवला, साहेब. सवय हाय." आणि पुढची ओळ लिहायला लागल्या.

मालकाने पहिल्याच दिवशी निम्मं कबूल करून टाकलं. परवाना नाही, मान्य. पैजा घेतल्या, मान्य. "पण भाव बाजाराचे होते साहेब. मी कोणाला फसवलं नाही. हरले ते आपल्या बुद्धीने हरले." त्याच्या वकिलाचंही तेच म्हणणं. विनापरवाना धंद्याचा गुन्हा उभा राहत होता, फसवणुकीचा राहत नव्हता. तो निवांत होता. जामीन होईल आणि महिन्याभरात दुसरीकडे दुकान थाटता येईल, हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

ग्राहकांचे जबाब सुरू झाले. बहुतेकांनी तोंडच उघडलं नाही. घरी कळेल ही भीती. चौथ्या दिवशी बडनेऱ्याहून एक गृहस्थ आपणहून आले. रेल्वेतून निवृत्त झालेले मालगाडीचे गार्ड. हल्ली त्या पदाला वेगळं नाव आहे, पण ते स्वतःला गार्डच म्हणवत. सोबत मुलगा होता. तो आधीच म्हणाला, "साहेब, यांचं डोकं आता पहिल्यासारखं चालत नाही. जबाब घ्या, पण फार ताणू नका." म्हातारा खाली मान घालून बसला.

मी मुलाला बाहेर चहाला पाठवलं. मग गार्डसाहेब बोलले.

"जयभीम साहेब. मले एकच सांगा. मी मूर्ख झालो का मले फसवलं?"

मी जरा रागातच विचारलं, "पैजेवर बसलात, वर मला विचारता?"

"ते चुकलंच. पण आइका. भाव दिसे, मी बोट दाबो, तं सौदा पडे आन् लगेच भाव खाली. जवा भाव वर जाणार रायते, तवा मालक म्हणे लाईन बिझी, सौदा झालाच नाई. सा महिने असंच. मी म्हटलं, माहा हात ढिला पडला. डोकं सुस्त झालं. पोरगं बी तेच म्हणते. मंग मी सोताच स्कूटरची चाबी त्याच्याजवळ देऊन टाकली. रस्त्यावर कोणाले उडवलं तं?"

तीस वर्षं ज्या माणसाने गाडीच्या शेवटच्या डब्यातून सिग्नल पाहिले, त्याने स्वतःला रस्त्यावर स्कूटर चालवायला नालायक ठरवलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं. तरी पोलिसी डोकं सांगत होतं की हरलेला प्रत्येक माणूस असंच बोलतो.

विचारायचं म्हणून विचारलं, की एवढे अनुभवी असून भाव कुठून येतो ते तपासलं नाही का? ते ताठ झाले.

"तपासलं नाई? तीन दिवस तपासलं जी! तिथं भावाच्या तीन लायनी होत्या. साधी, जलद आन् अतिजलद. मयन्याचे पैसे येगयेगळे. मी एकेक दिवस एकेका पडद्यासमोर बसलो, दुसऱ्यावर नजर ठिवली. अतिजलदवर भाव पयले हाले, मंग जलदवर, मंग साधीवर. म्हून सर्वात महागाची घेतली. डोये झाकून नाई घेतली."

तपास अगदी चोख होता. तरी कुठेतरी खटकत होतं, पण काय ते सुचेना. मी जबाब आवरायला घेतला. उठता उठता ते पुटपुटले, "त्याइचं तं घड्याळ बी मांगं. बाजार रोज दीड मिनिट लेट सुटे."

"म्हणजे?"

त्यांनी पिशवीतून एक वही काढली. नोकरीत गाडी कोणत्या स्टेशनावर किती वाजता आली, किती वाजता सुटली हे लिहायची सवय. हात स्वस्थ बसत नव्हता म्हणून त्यांनी खोलीतही तेच केलं होतं. रोजच्या पानावर पहिली ओळ: बाजार उघडला, ९-१६-३०. बाजार सव्वानऊला उघडतो. भिंतीवरच्या घड्याळात त्या वेळी बरोबर सव्वानऊ वाजलेले असत. गार्डसाहेबांच्या मनगटावर नऊ वाजून साडेसोळा मिनिटं. खाली प्रत्येक सौदा, त्याचा भाव आणि वेळ, सेकंदासकट.

"मालकाले सांगतलं. तो म्हणे, काका, तुमचं घड्याळ म्हातारं झालं. मी बडनेऱ्यात दाखवलं, कारागीर म्हणे एकदम बराबर हाय. मंग मी म्हटलं, त्याइच्या घड्याळाचा सेल उतरला असन."

मला बाईंची ती ओळ आठवली. पंचनामा मागवला. अकरा चाळीस आणि साडेअडतीस. दीड मिनिट. मग टोपलीही आठवली. हल्ली मनगटावर घड्याळ कोण घालतं? सगळे मोबाईलमध्ये वेळ बघतात, आणि मोबाईल तर दारात काढून घेतलेले. पडद्यावरची वेळेची पट्टीही मालकाने काढून टाकली होती. खोलीत वेळ सांगणारी एकच वस्तू उरली होती आणि ती त्याची होती.

वही जप्त केली, रीतसर पावती दिली. बाजाराकडून त्या दिवसांच्या भावांची अधिकृत नोंद मागवली. ती यायला दोन आठवडे गेले. बाईंनी वहीतला एकेक भाव खऱ्या नोंदीशी लावून पाहिला. गार्डसाहेबांना दिसलेला प्रत्येक भाव नव्वद सेकंद शिळा होता, आणि तो शिळा वाटू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळही तेवढंच मागे ठेवलेलं. मालक मात्र आतल्या खोलीत चालू भाव बघत असे. सौदा आपल्या फायद्याचा असला की पक्का, ग्राहकाच्या फायद्याचा असला की लाईन बिझी. साधी आणि जलद या लायनी आणखी मागे होत्या, म्हणूनच तिसरी पुढे वाटायची.

मालकाला पुन्हा समोर बसवलं. तो अजून निवांतच होता. मी भाव, सौदे, हिशेब काहीच काढलं नाही. विचारलं, "भिंतीवरचं घड्याळ कोण लावायचं?"

"कोण लावणार साहेब, कोणीही."

मी झाडू मारणाऱ्या बाईचा जबाब वाचून दाखवला: त्या घड्याळाले हात लावायची मनाई होती, मालक सोता स्टुलावर चढे. त्याने पाणी मागितलं. ग्लास रिकामा करून म्हणाला, "वकिलांना बोलवा." वकील आले, पण तोवर त्याचा चेहराच उतरला होता. संध्याकाळपर्यंत आतल्या खोलीतलं, भाव रोखून धरणारं यंत्र कसं चालायचं ते त्याने स्वतः सांगितलं आणि दाखवलं. फसवणुकीचं कलम लागलं.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. दोषारोपपत्र दाखल झाल्याचं कळलं तेव्हा मी एका रविवारी बडनेऱ्याला उतरलो. हे फोनवर सांगता आलं असतं, पण मुलाच्या समोर सांगायचं होतं. नव्वद सेकंदांचा सगळा प्रकार समजावला. गार्डसाहेब ऐकत राहिले.

"म्हंजे माहा हात बराबर होता?"

"हात बरोबर होता, डोकंही बरोबर होतं. भाव शिळा होता."

ते उठून उभे राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "चाबी दे." मुलाने खिशातून किल्ली काढली. त्याचे डोळे भरले होते आणि खरं सांगायचं तर माझेही.

आजही ओळखीचे तरुण विचारतात, साहेब, रोजच्या सौद्यांसाठी चालू भावाची कोणती लाईन घेऊ? मी सांगतो, पहिल्यांदा तुझं घड्याळ खोलीच्या बाहेरच्या वेळेला लाव. तीन लायनी एकमेकींशी ताडून काही कळत नाही, तिन्ही एकाच माणसाच्या हातातल्या असू शकतात. गार्डसाहेब आपला प्रश्न घेऊन बाहेरच्या माणसाकडे, पोलिसांकडे का आले, तेही मला असंच उशिरा उमगलं. नोकरीभर मीही साक्षीदारांना एकमेकांशीच ताडून पाहत आलो होतो. त्यातल्या किती केसेसमध्ये माझं चुकलं असेल, हा विचार अजून पाठ सोडत नाही. बाईंची त्या खुर्च्यांबद्दल मी माफी मागितली होती. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब, पाय मोजलेच होते."

त्या रविवारी मला अकोल्याची परतीची गाडी धरायची होती. गार्डसाहेबांनी स्कूटर काढली. "बसा साहेब, टेशनवर सोडतो." मी मागे बसलो. बाजाराच्या गर्दीतून त्यांनी गाडी अलगद काढली, फाटकापाशी थांबले, दोन्हीकडे पाहिलं. स्टेशनच्या दारात त्यांनी मनगट वर केलं आणि म्हणाले, "चार मिनिटं हाय अजून." चारच मिनिटांनी गाडी आली.