लाल दोऱ्याचं टोक

मनगटावरचा निळा पट्टा मी दातांनी तोडायला बघत होते आणि तो तुटत नव्हता. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, नुसत्या आवाजावर अख्खा व्हरांडा गप्प केला, आणि बासष्टाव्या वर्षी एका कागदाच्या पट्टीपुढे माझं काही चालेना. पट्टीवर ठसठशीत छापलं होतं, 'पालक'. शेजारच्या खुर्चीत ताई बसली होती. तिच्याही मनगटावर तसलाच पट्टा. समोर दीड फूट जाडीचा सिमेंटचा खांब होता आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी स्टेजवर चिमणी गात होती.

राग मला जन्मापासून येतो. ताईला येत नाही, असं घरात सगळे धरून चालले होते. धरून चालणं सोयीचं होतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. छत्तीस वर्षं ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत होती. तळघरात, खिडकी नाही, वाफ एवढी की भिंतींना घाम. इस्त्रीचा एक भलामोठा तापलेला रोलर. एका बाजूने दोघींनी ओली चादर आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने दोघींनी ती पकडायची, चारी टोकं जुळवायची, घडी घालायची, पुढची. ताई पकडणारी. दिवसाला आठशे चादरी. तिच्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला भाजल्याचे फिकट पट्टे आहेत. शिकायचं तिच्या मनात नव्हतं असं नाही, पण घरात एकीच्याच शाळेची सोय होती, आणि हुशार कोण ते ठरवणारे आमचे वडील होते. मी हुशार ठरले.

शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचे, "मोठी बहीण इस्पितळात आहे." पुढे पुढे "नर्स आहे" असंही सांगायला लागले. एकदा तर भर वर्गात सांगितलं, सेवाभावावर धडा होता म्हणून. तिला हे कळायचं कारण नव्हतं. ती शाळेकडे कधी फिरकली नाही, आणि मी तिला कधी ये म्हटलं नाही.

लॉन्ड्रीत शेवटच्या दोन वर्षांत कुणीतरी स्पीकर आणला आणि त्यावर दिवसभर चिमणी वाजायला लागली. चिमणी म्हणजे ती बावीस वर्षांची गायिका, सोनेरी बूट घालून उड्या मारते ती. तिचे चाहते स्वतःला 'थवा' म्हणवतात. आमची ताई त्या थव्यात शिरली. तेव्हा वय पासष्ट, गुडघे गेलेले, आणि मोबाइलवर पोरींच्या ग्रुपमध्ये हिचे मेसेज. मी म्हटलं, "अगं, शोभतं का तुला हे?" ती म्हणाली, "का गं, कान म्हातारे झालेत का माझे?" वर मला गाणी ऐकवायची. मला एकही आवडलं नाही. अजूनही आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

थव्याची एक रीत आहे. चिमणीच्या कार्यक्रमात शेवटून दुसरं गाणं सुरू झालं की पुढच्या गर्दीच्या डोक्यांवरून एक अवाढव्य कापड उलगडायचं. यंदाचं कापड ताईने शिवलं होतं. इस्पितळाने बाद केलेल्या चोवीस चादरी मागून आणल्या, आमच्या पुढच्या खोलीत तीन महिने मशीन चाललं, मला टीव्हीचा आवाज ऐकू येईना. पोरी रविवारी येऊन अक्षरं रंगवायच्या, 'आम्ही इथेच आहोत'. मग ताईने त्या धुडाची लॉन्ड्रीतली घडी घातली. एकच टोक धरून ओढलं की सगळी चादर रोलरवरून येते तशी सुटत जाते. बाकीची तीन टोकं ओढली तर गुंता. त्या एका टोकाला तिने लाल दोरा ओवला. कुठल्या टोकाला, ते पोरींना सांगितलं नाही. मी म्हटलं, "सांगून ठेव की." ती म्हणाली, "सांगायचं कशाला? मीच ओढणार आहे ना." एवढ्या वर्षांत 'मीच' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

तिकिटं दोन, अगदी पुढची, उभं राहायची. गुडघ्यांमुळे सोबतीला मी. कापड घेऊन पोरी सकाळीच आत गेल्या. आम्ही दुपारी साडेतीनला गेटवर पोचलो. ताईची पर्स तपासायला दुसरी रांग होती, ती तिकडे थांबली. आणि मला हाक आली, "बाई! तुम्ही इथे?"

शिट्टी. वर्गात शिट्ट्या मारायचा म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. आता पन्नाशीचा, पांढऱ्या मिश्या, गळ्यात खरीखुरी शिट्टी, गेटवरच्या सगळ्या माणसांचा मुख्य. भोवती झगमगीत गालांच्या पोरी आणि त्यांच्यात कडक साडीतली मी. त्याने हसून विचारलं, "नातीला सोडायला आलात वाटतं?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या तोंडून निघालं, "हो ना रे. काय करणार, हट्टच धरून बसली. गेली पुढे."

वर हसलेसुद्धा.

बिचारा इतका आदराने वागला. "बाई, गर्दीत चेंगराल. तुमची सोय करतो," म्हणत त्याने स्वतःच्या हाताने माझ्या मनगटाला निळा पट्टा बांधला, ताई आली तसा तिलाही बांधला, आणि एका माणसाला पाठवून आम्हाला बसायच्या जागेपर्यंत पोचवलं. पट्टा म्हणजे पट्टा, असं मला वाटलं. निळा पालकांचा आणि पिवळा मैदानाचा, हे कळलं ते मैदानात उतरताना कठड्याजवळच्या माणसाने अडवल्यावर. ताईने तिकिटं दाखवली. "पिवळा पट्टा लागतो, काकू. तो बाहेरच्या गेटवर मिळतो." मग बाहेर जाते, म्हणाली ती. "बाहेर गेलं की परत आत नाही." मी त्याच्यावर अशी तडकले की आसपासचे आठ-दहा पालक खुर्चीत सरळ बसले. तो म्हणाला, "काकू, मी काय करू?" हेच वाक्य आयुष्यभर माझ्या डोक्यात जात आलंय.

पोरींना फोन लागत नव्हता. ताईने बारा वेळा लावला. मी शिट्टीच्या नावाने खडे फोडत होते, "पहिल्यापासूनच ढ! धड ऐकून घ्यायचं नाही, विचारायचं नाही, बांधला पट्टा!" आणि ताई मला समजावत होती. "जाऊ दे गं. चूक होते माणसाची. तू पाणी पी." माझ्या खोटेपणावर ती मलाच पाणी पाजत होती, आणि मी ते प्यायले.

शेवटून दुसरं गाणं लागलं. खांबाच्या बाजूने मान वाकडी केली की मोठ्या पडद्याचा कोपरा दिसायचा. ताई उभी राहिली, खांबाला धरून. कापड वर आलं. कुणीतरी ओढलं, मग दुसऱ्या कुणी दुसरीकडून. ते पिळवटलं, त्याचा पिळलेल्या ओल्या चादरीसारखा दोर झाला आणि ते एका बाजूला फाटकन लोंबलं. पडद्यावर एकच शब्द दिसला, 'आम्ही'. तोही तिरका. ताईचे हात हवेत पुढे आलेले होते, टोक पकडायला येतात तसे. ते तिने खाली घेतले आणि बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात शिट्टी दोन कप चहा घेऊन आला. "काय बाई, दिसली का नात?"

ताईने विचारलं, "कुणाची नात?"

मी चहाकडे बघत राहिले. तो भाबडा पुढे बोलतच होता, "तुम्ही बाईंच्या मोठ्या ताई ना? नर्स होतात ना तुम्ही? बाईंनी वर्गात सांगितलं होतं. माझ्या लक्षात आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबली. चांगली थांबली. मग त्याला म्हणाली, "मी लॉन्ड्रीत होते, दादा. चादरींना इस्त्री करायचे. नातबीत कुणी नाही. तिकीट माझं आहे, आणि खाली पोरी माझी वाट बघतायत."

शिट्टीने एकदा माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. कप खाली ठेवले, ताईला हात दिला आणि पायऱ्या उतरायला लागला. मी मागोमाग. मला कुणी चला म्हटलं नव्हतं.

पोचेपर्यंत कार्यक्रम संपला. मैदान रिकामं होत होतं, ऊन अजून होतं. कापडाचा बोळा गवतावर पडला होता आणि भोवती सात-आठ पोरी रडवेल्या उभ्या. "इस्त्रीताई!" करून त्या तिला बिलगल्या. इस्त्रीताई! जे काम मी सगळ्यांपासून लपवलं, ते या पोरींनी तिचं नाव केलं होतं.

"कुठे होतात तुम्ही?"

"अडकले," ताई म्हणाली. "बोळा करून नेऊ नका, रंग तडकेल. धरा."

तिने एकेकीला कडेने उभं केलं, कापड पसरवलं, आडवं दुमडलं, परत दुमडलं. रुंदी कमी झाली तशा पोरी बाजूला झाल्या. शेवटी दोन बाजूंना दोनच माणसं लागतात. ताई एका टोकाला होती. दुसऱ्या टोकाशी मी जाऊन उभी राहिले. एक पोरगी माझ्या निळ्या पट्ट्याकडे बघत म्हणाली, "इस्त्रीताई, या कोण?"

ताईने कापड झटकलं. "कुणी नाही. पालक आहेत. टोक धरायला घेतलंय."

शिट्टी तिथेच उभा होता. मी मोठ्यांदा म्हणाले, वर्गातल्या आवाजात, मागच्या बाकापर्यंत जाईल असं, "मी हिची धाकटी बहीण. ही छत्तीस वर्षं इस्पितळाच्या लॉन्ड्रीत होती. नर्स नव्हती. मी खोटं सांगितलं. आजही खोटं सांगितलं."

ताई तिची दोन टोकं घेऊन माझ्याकडे चालत आली, घडी घालताना येतात तशी, अगदी नाकासमोर. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. माझ्या हातात टोकं देताना लाल दोरा माझ्या बोटांना लागला.

"आता सांगतेस," ती म्हणाली. "ताठ धर."

मी ताठ धरलं.