लांजीच्या वाटेवरचा चिन्नोर

ज्या गावात आपण लहानपणी कविता चालीवर म्हटल्या, त्याचं नाव म्हातारपणी पेपरात 'पर्यटन' या शब्दाशेजारी दिसलं, तर माणूस घरी बसेल कसा? वडिलांच्या नोकरीमुळे माझं बालपण बालाघाटला गेलं. डिसेंबरात, तिकडचं धान घरी आल्यावर, मी वर्ध्याहून निघालो.

गोंदियापर्यंत रेल्वे, पुढे बालाघाटची गाडी. रात्री स्टेशनजवळ साध्या लॉजमध्ये उतरलो. सकाळी वैनगंगेवर दाट धुकं. नदी दिसेना, नुसतं वाहणं ऐकू येत होतं. शाळेत नदीला आई म्हणायचो ते पाठांतर म्हणून. त्या सकाळी हात आपोआप जोडले गेले.

लांजीची बस दर फाट्यावर थांबते, त्यामुळे अर्धा दिवस हाताशी ठेवा. खिडकीतून कापलेली शेतं आणि मागे निळं जंगल बघताना वाटलं, या जिल्ह्यातून आजवर मँगनीज गेलं, तांबं गेलं, बांबू गेला आणि पोरंही गेली. देशानं नुसत्या शेती-खाणींवर किती दिवस भागवायचं? आता बाहेरच्यांनी इथं यावं, असा बेत आहे.

त्या बेतातलंच एक घर लांजीच्या अलीकडे आहे. श्यामराव आणि सुलोचनाबाई या शेतकरी जोडप्यानं पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यात. मुक्काम आणि जेवण मिळून लॉजइतकंच पडतं. त्यांचा मुलगा मंगेश हैदराबादला मजुरीला आहे. मी तिथं उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कान्ह्याच्या जंगलाच्या सहली काढणारा जबलपूरचा माणूस जेवायला येणार होता. त्यानं इथं गाड्या थांबवायचं कबूल केलं तर मंगेश परत येणार, नाहीतर संक्रांतीनंतर बायकोलेकरांनाही घेऊन जाणार.

रात्री माझ्या ताटात पनीर आणि लांब शितांचा भात आला. पण स्वयंपाकघरातून भलताच सुगंध येत होता.

"बाई, हा वास कशाचा?"

"तो आमचा चिन्नोर तांदूळ जी, घरचा. आमच्यापुरता रांधला."

"मग मला काहून नाही?"

श्यामराव दचकलेच. "पाहुण्याले घरचं वाढतेत का? त्याच्यासाठी दुकानातून आना लागते. लोक म्हनतीन, चिकटपना केला."

"अन् चिन्नोरचा दाना आखूड," सुलोचनाबाई म्हणाल्या. "जबलपूरवाला म्हनन, कनकी वाढली मले."

तुकडा तांदूळ वाढल्याचा बट्टा! तरी मी हट्टानं मूठभर मागून घेतला. पहिल्याच घासाला डोळे मिटले.

सकाळी लांजीचा किल्ला पाहिला. बुरुजांवर झाडं उगवलीत, मुळांनी दगड मिठीत घेतलेत. आत कोरीव शिल्पांवर कोवळं ऊन पडलं होतं आणि बघायला मी एकटा. इतकं वैभव कुणाची वाट न पाहता उभं राहू शकतं? मी चप्पल काढूनच चाललो.

परतलो तर चुलीपाशी वाद पेटलेला.

"काल या बाबूजीनं डोये मिटून खाल्ला, पाह्यलं ना?" सुलोचनाबाई.

"बाबूजी आपलेच हायेत. त्यो जबलपूरचा हाय!"

शेवटी बाईंनी दोन्ही भात रांधले. जबलपूरचे साहेब आले, हात धुऊन बसले. पनीर चाखलं, बासमती बाजूला सारला. मग लाखोळी डाळीच्या वरणासोबत चिन्नोर कालवला आणि एक शीत बोटावर घेऊन निरखू लागले. श्यामरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चूक केली.

"भाभीजी, ये कौन सा चावल है?"

"घर का है साहब," बाई पदराआडून म्हणाल्या, "छोटा है, पर कनकी नहीं है."

"थोड़ा और दीजिए. और सुनिए, अगले महीने से हमारी गाड़ी यहाँ रुकेगी. बस, पनीर मत बनाइए. पनीर तो जबलपुर में भी मिलता है."

साहेब गेल्यावर श्यामराव कपाळाला हात लावून बसले. "अन् त्या बासमतीच्या पोत्याचं काय करू?"

"खा आता तुम्हीच, साहेबावानी!"

वर्ध्याला येऊन बरेच दिवस झाले. आमच्या पिढीला वाटायचं, देशाची भरभराट म्हणजे धरणं आणि कारखाने. एखाद्या चुलीवरचा सुगंधही त्यात मोजावा, हे तेव्हा कुणी शिकवलं नाही. तुम्ही गेलात तर दोन दिवस तरी राहा. किल्ला घाईत बघायचा नाही.

काल श्यामरावांना फोन केला. म्हटलं, मंगेश काय म्हणतो?

"गाडीतल्या पाहुण्यायले किल्ला दाखवून राह्यला जी. काय सांगते त्यायले, मले तं समजत नाही." मग म्हणाले, "पन सांजच्याले घरी येते."