हत्ती शेतात उगवतो

खेळाचे नियम माझ्या मोठ्या भाचीनं वहीच्या मागच्या पानावर लिहून आणले होते. जेवणं आटोपल्यावर सगळ्यांना सोप्यात बसवून ती ते मोठ्यानं वाचून दाखवत होती. बाकीचे ऐकत होते. मी माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, हातांकडे बघत होते, कारण गोंधळले की ते धोतराचा काठ चिमटीत धरून चुरगाळत बसायचे. अजून हात शांत होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ती मे महिन्याची सुट्टी. माझा मोठा भाऊ, म्हणजे अण्णा, पुण्याहून बायको आणि दोन मुलींना घेऊन धारवाडला आला होता. दरवर्षी यायचा तसाच आला असं दाखवत होता. पण मला ठाऊक होतं की या वेळी तो अप्पांना घेऊन जायला आलाय. वहिनीनं पुण्याच्या घरातली रस्त्याकडची खोली रिकामी करून ठेवली होती, खाटसुद्धा आणली होती. तिचं मन चांगलं होतं, म्हणून तर तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

आणि हे सगळं माझ्याच पत्रामुळं झालं होतं. मार्चमध्ये अप्पा सुभाष रोडला भाजी आणायला गेले आणि तीन तास परतलेच नाहीत. शेवटी सापडले ते आम्ही पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घराच्या पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. "दार उघडंना कुणी," एवढंच म्हणाले. मी घाबरून त्याच दिवशी अण्णाला पत्र टाकलं. टाकलं आणि पेटीचं झाकण पडलं तसं वाटलं, काय करून बसले मी! अप्पांना पुण्याला जायचं नव्हतं. "तिकडं जाऊन मी बोलू कुणाशी?" असं ते एकदाच म्हणाले होते. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या घरात एकटीनं राहायचं नव्हतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, लग्न झालं नव्हतं, व्हायची शक्यताही उरली नव्हती. अप्पा गेले असते तर धारवाडच्या केळगेरी भागातल्या त्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच राहिलो असतो.

अण्णानं येऊन पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "चार दिवस बघतो. ठीक वाटले तर राहू देत इथंच. नाहीतर परत जाताना घेऊन जातो." तेव्हापासून मी धड जेवत नव्हते. अप्पांनी चष्मा शोधला की अण्णा बघायचा, अप्पांनी वार चुकीचा सांगितला की वहिनी बघायची, आणि ते दोघं बघताहेत का हे मी बघायची. त्यात चौथ्या दिवशी हा खेळ निघाला.

भाचीनं तो स्वतः तयार केला होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखलेले, सापशिडीतला फासा, सोंगट्यांऐवजी शर्टाची बटणं आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेले प्रश्न. दोन संघ, आणि प्रत्येक संघात एक म्हातारं माणूस, एक मधलं, एक लहान असलंच पाहिजे. गंमत प्रश्नांच्या वाटणीत होती. लाल कार्डांवर जुन्या काळातले प्रश्न, ते लहानांना विचारायचे. हिरव्या कार्डांवर तिच्या शाळेतले आणि आजकालचे, ते म्हाताऱ्यांना. निळी आम्हा मधल्यांना. ज्याची पाळी त्यानंच उत्तर द्यायचं, वीस आकडे मोजून होईपर्यंत. तोंडातून पहिला शब्द निघेल तोच धरायचा. आणि संघातल्या कुणी सुचवलं की पाळी गेली.

"सुचवायचं नाही म्हणजे नाही हं, आत्या," ती माझ्याकडे बोट रोखून म्हणाली. मास्तरीणबाईंना कुणी असं दटावलं की बाकीच्यांना मजा वाटते. सगळे हसले.

आमच्या संघात अप्पा, मी आणि धाकटी भाची. समोर अण्णा, मोठी भाची आणि म्हातारं माणूस म्हणून शेजारच्या अक्का. अक्का मूळच्या कानडी, त्यांना मराठीही सगळं समजायचं, बोलायच्या मात्र आपल्या मनाला येईल त्या भाषेत. खेळायला बसतानासुद्धा त्या मोकळ्या हातानं आल्या नव्हत्या. पदरात कापूस घेऊन आल्या होत्या आणि गुडघ्यावर समईच्या वाती वळत होत्या. कार्डं वाचायचं काम वहिनीकडे.

पहिलं लाल कार्ड आमच्या धाकटीला. एक पायली म्हणजे किती शेर? तिला पायली हा शब्दच नवीन. ती आढ्याकडे बघायला लागली आणि तिची थोरली बहीण आकडे मोजायला. तेवढ्यात अप्पांनी डोळे मिटल्यासारखं करून गुडघ्यावर चार बोटं पसरली. "चार!" धाकटी ओरडली. "आजोबांनी सुचवलं! पाळी गेली!" थोरली त्याहून मोठ्यानं ओरडली. अप्पा असे हसले की मी कित्येक महिन्यांत तसं हसणं पाहिलं नव्हतं. माझा जीव जरा भांड्यात पडला. पायली विसरले नाहीत, म्हटलं, आणि लबाडीही विसरले नाहीत.

मग त्यांचं पहिलं हिरवं कार्ड आलं. रंगीत टीव्हीत मूळ रंग किती असतात? अप्पा म्हणाले, "आमच्या घरात टीव्हीच नाही. म्हणजे शून्य." पुन्हा हशा. अण्णाही हसला, पण हसता हसता त्यानं वहिनीकडे पाहिलं. ही थट्टा होती की निसटायची वाट? मला कळेना. माझ्या निळ्या कार्डाचं साधं उत्तरही मी चुकले. सातवीच्या मुलींना मी तेच दरवर्षी शिकवत होते.

अप्पांची दुसरी पाळी आली. वहिनीनं कार्ड वाचलं, "काळ्या जमिनीत येणारं आणि कपड्यासाठी लागणारं पीक कोणतं?"

मला इतकं हायसं वाटलं की मी मागं टेकून बसले. अप्पांनी तीस वर्षं हुबळीच्या एका जिनिंग मिलमध्ये काट्यावर कापूस तोलला होता. ते संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस असायचा आणि आई दारातच फडक्यानं तो झटकायची. हा प्रश्न त्यांना झोपेत विचारला असता तरी चाललं असतं.

"एक, दोन, तीन," थोरली मोजायला लागली.

सात झाले, आठ झाले. अप्पांचा हात धोतराच्या काठाकडे गेला. मी जीभ दाताखाली धरून बसले होते. सुचवलं तर पाळी गेली, पण पाळीचं काय घेऊन बसलात, अण्णासमोर मी सुचवते आहे हे दिसलं असतं. बारा. तेरा. अप्पांची नजर अक्कांच्या पदरात गेली आणि तिथंच थांबली. काठ चुरगाळणं चालूच. सतरा.

"हत्ती," अप्पा म्हणाले.

धाकटी खिदळली. "आजोबा! हत्ती शेतात उगवतो?" थोरलीही हसून लोळायला लागली. वहिनीनं कार्ड खाली ठेवलं. अण्णा हसला नाही. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याचं ठरलं. खाट, रस्त्याकडची खोली, परवाची गाडी, सगळं ठरलं.

"यात हसायला काय झालं?" अक्का एकदम कडाडल्या. त्यांनी पदरातला कापूस मुठीत घेऊन अण्णाच्या नाकासमोर धरला. "इदु एनु मत्त? हत्ती अल्लेनु? हे काय आहे मग? कापसाला आम्ही हत्तीच म्हणतो की! बरोबर सांगितलंय त्यांनी. द्या त्यांना मार्क!"

त्या समोरच्या संघातल्या होत्या, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

अण्णा त्या कापसाकडे बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! हत्ती!" शाळेत असताना तो हुबळीला अप्पांचा डबा घेऊन जायचा आणि तिथल्या कापसाच्या गाठींवर झोपून यायचा. मिलमधल्या हमालांशी घडाघडा कानडी बोलायचा. "मीच विसरलो की सगळं. अप्पा, विसरलोय मीच!" असं म्हणून तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मुलींना समजावून सांगितलं, मार्क दिला, आमचं बटण चार घरं पुढं सरकलं. पुढचा खेळ कसा झाला ते मला आठवत नाही. आम्ही हरलो, एवढं आठवतं.

दोन दिवसांनी अण्णा निघाला, तो चौघांचंच सामान घेऊन. स्टेशनवर मला म्हणाला, "अप्पा चांगले आहेत गं. तूच उगाच घाबरतेस." मी मान डोलावली.

मान डोलावली खरी, पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, आणि ती त्याला आठवली नाही. आमच्या घरात कानडी बोलायची बंदी होती, आणि ती अप्पांचीच. बाहेर हवं ते बोला, उंबऱ्याच्या आत मराठी. लहानपणी आम्ही जेवताना 'नीर' मागितलं तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे. 'पाणी' म्हटल्यावरच तांब्या सरकायचा. मिलमध्ये दिवसभर हत्ती म्हणणारा हा माणूस घरात पाऊल टाकलं की कापूस म्हणायचा. उभ्या जन्मात त्यांनी आमच्याशी बोलताना तो कानडी शब्द वापरला नव्हता.

अण्णा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्याकडे फिरायला गेलो. काठावर अप्पा थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो शब्द सापडंना गं मला. डोळ्यासमोर होता कापूस. नाव येईना. मग म्हटलं, कानडीतला तरी देऊ." मग म्हणाले, "अण्णाला लिहू नकोस."

आत्ता बोलता बोलता ते 'कापूस' म्हणून गेले होते, म्हणजे सापडला होता त्यांना तो शब्द. मी तेही बोलून दाखवलं नाही. "नाही लिहीत," म्हटलं. आणि नाही लिहिलं. बरोबर केलं की चूक, हे मला अजून सांगता येत नाही. पुण्यात मोठे डॉक्टर होते.

नंतरची तीन वर्षं मी दिवसभर सुचवत होते. वाटी, अप्पा. कंगवा. गुरुवार. कुणी आकडे मोजत नव्हतं, तरी मला ते ऐकू यायचे. मराठी शब्द आधी गेले. मग ते माझ्याशी कानडीत बोलायला लागले, उंबऱ्याच्या आत, आणि मीही कानडीत उत्तर द्यायला लागले. अण्णा यायचा तेव्हा त्यांच्याशेजारी बसून माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "काय म्हणताहेत?" मी सांगायची.

शेवटच्या पावसाळ्यात एका दुपारी मी त्यांना भात भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं, चेहरा नीट निरखला आणि म्हणाले, "ताई."

मराठीत ताई म्हणजे मोठी बहीण. कानडीत ताई म्हणजे आई. मी त्यांची दोन्ही नव्हते, आणि या वेळी अक्कांना विचारूनही उपयोग नव्हता. ते वाट बघत होते. वीस आकडे होऊन गेले असतील.

"ओ," मी म्हटलं, आणि पुढचा घास भरवला.