बुरशी: निरंक

मोहोपाड्याच्या त्या प्रयोगशाळेत उज्वलाताई अकरा वर्षं बुरशी सांभाळत होत्या, आणि अकराही वर्षं कंत्राटीच होत्या. एकदाचं कायम व्हावं, एवढीच त्यांची आस होती.

बुरशी साधीसुधी नव्हती. कडाव गावी आंब्याच्या एका कुजक्या ओंडक्यावरून ताईंनीच खरवडून आणलेली. काचेच्या चंबूत वाढवली की ती पाण्यात एन्झाइम सोडायची. ते एन्झाइम भाताच्या कोंड्यातून काढलेले बारके रेणू धरून एकमेकांना जोडायचं आणि त्यातून तांबूस भुकटी तयार व्हायची. चिमूटभर टाकली तर तेल महिनोन्महिने खवट होत नसे. विभागप्रमुख केतन सरांनी त्यावर चार निबंध लिहिले. ताईंचे आभार एकातही नाहीत. साहेबांचा विसराळूपणासुद्धा बरोबर जागा बघून होतो!

तर मुख्य कार्यालयाने स्वच्छता स्पर्धा काढली. तपासणीच्या तक्त्यात रकाने होते पाल, झुरळ, जाळी, बुरशी. सर हादरले.

"ताई, उद्या इथे बुरशी दिसता कामा नये."

"सर, आपला बुरशीचाच विभाग हाय ना?"

"तक्त्यात तसं कुठे लिहिलंय? पहिला नंबर आला तर तुम्हाला कायम करायची शिफारस करतो."

झालं. ताईंनी बारा चंबू रिक्षात घातले नि घरी नेले. ही बुरशी यंत्रावर सतत हलत असते, थांबली तर गुदमरते. मग घरदार कामाला लागलं. नवरा हरेश दोन्ही हातांत चंबू घुसळत बातम्या बघू लागला. सासूबाई, भीमाबाई, दोन चंबू मांडीवर घेऊन डुलत बसल्या.

"रडत नाय, रुसत नाय," त्या म्हणाल्या, "हरेशपरीस गुणी हाय गं ही!"

तिकडे सरांनी चारही रकान्यांत 'निरंक' लिहून सही ठोकली. निकाल लागेपर्यंत चंबू ताईंकडेच राहिले. पहिला नंबर आला, ढाल आली. तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाचं पत्रही आलं: विभागात बुरशी आढळून येत नाही, सबब बुरशी सांभाळण्याचं कंत्राट रद्द.

ताईंचं डोकंच फिरलं. तेवढ्यात सरांचा फोन.

"पत्राचं मी बघतो हो. आधी चंबू आणा. सोमवारी तेल कंपनीला भुकटी द्यायचीय!"

"कसले चंबू, सर?"

"अहो, आपली बुरशी!"

"बुरशी निरंक हाय. तुमचीच सही हाय त्याच्यावर. आधी मला कायम केल्याचं पत्र आणा, मग बघू."

एवढं बोलून ताईंनी फोन ठेवला. सरांना त्या असं कधी बोलल्या नव्हत्या.

रविवारी सर घामाघूम होऊन दारात उभे. हातात मुख्य कार्यालयाचं पत्र. भीमाबाईंनी ते काढून सुनेला दिलं आणि सरांच्या रिकाम्या हातांत दोन चंबू ठेवले.

"ती वाचंस्तोवर हे हलवा. थांबू नका."

'कायम' हा शब्द दिसला आणि ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून, सावकाश वाचायला घेतलं. सर उंबऱ्यात उभे राहून चंबू हलवत होते.