आमचे बैल वाटेत मध्येच थांबतात

८ डिसेंबर, सोमवार. दुसरी वेचणी संपत आली होती आणि वरच्या तुकड्यातला कापूस बैलगाडीने घरी आणायचा होता. एवढंच काम. ते सरळ झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

आधीच सांगते – असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कुणा बाईच्या अंगात आलं की मी तिला आधी पाणी देते आणि जेवली होतीस का ते विचारते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आमचं शेत डोणगावजवळ. मिस्टर चिखलीला नोकरीला, शनिवारी येतात. शेती मीच बघते. शेतातून एक गाडीवाट जाते. तिच्या खालच्या टोकाला घर, गोठा, विहीर. वरच्या टोकाला आमचा सगळ्यात चांगला तुकडा. मुंबई-नागपूर वेगवान रेल्वेसाठी विमानातून मोजणी झाली तेव्हा माणसं येऊन पूर्व-पश्चिम दोन्ही धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, चुन्याच्या मोठ्या फुल्या मारून गेली. पुढे काहीच नाही. रूळ सोडा, खडीची एक पाटी पडलेली नाही. आमच्या तालुक्यात रेल्वे कधी आलीच नाही. बैल घरच्याच गाईचे, त्यांनी ती बघायचा प्रश्नच नाही.

दिवाळीनंतर हे बैल वाटेत थांबायला लागले. एका फुलीपासून दुसरीपर्यंत दोरी ताणली तर बरोबर त्या दोरीच्या अलीकडे. थोडा वेळ उभे राहायचे, मग आपणहून चालू लागायचे.

माझा संशय सरळ होता. धाकटा दीर वसंता कधीचा मागे लागला होता – "वयनी, रेल्वे शेताच्या मधून जाईन, वरचा तुकडा तुमच्या काय कामाचा? मले द्या, माह्यं खालचं घ्या." बैल असे वाटेत अडायला लागले म्हटल्यावर तुकडा पडीक पडणार आणि मी कंटाळून देऊन टाकणार... आणि बैल कुणाच्या हातात? आमचा सालगडी निवृत्ती याच्या. मी ती जागा कुदळीने उकरून बघितली. मीठ, खिळे, पुरलेलं काही – काही नाही. डॉक्टरांनी बैल तपासले. ठणठणीत.

त्या सोमवारी सकाळी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात निवृत्ती आणि वसंता एका बाकावर चहा पिताना दिसले. मला तेवढं पुरे झालं.

"निवृत्तीभाऊ, बैल अडवायले यानं काय कबूल केलं तुम्हाले?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

वसंता हसला. "वयनी, मले माह्यं पोट्टं शाळेत बसवता येत नाही, बैलाले काय शिकवतो मी!"

सगळे हसले. निवृत्ती नाही हसला. "बाई, मी नाही थांबवत. ते थांबतात म्हून मी थांबतो."

"मग आजपासून घरीच थांबा."

सालगड्याचं साल मध्येच मोडलं की गुढीपाडव्यापर्यंत त्या माणसाला कुणी ठेवत नाही, त्यातून असा आळ आलेल्याला. हे मला माहीत होतं. तरी बोलले.

दुपारी गाडी मीच जुंपली. वेचणीची कमलबाई गाठोड्यांवर बसली. वरच्या तुकड्यातून उतरताना बैल त्याच जागी थांबले. वसंता मेहकरला गेलेला, निवृत्ती त्याच्या घरी. आसपास तिसरं माणूस नाही. मी हाकारलं. तुतारी, म्हणजे टोकाला आर बसवलेली काठी, टोचली – एकदा, मग जोरात. कातडी थरथरली, पाय हलले नाहीत.

मग दोघांनी कान टवकारले आणि माना एकदम पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवल्या. एकाच वेळी. समोरून काहीतरी गेल्यासारख्या.

आवाज नाही. दोन्ही बाजूंची तूर स्तब्ध. पण गाठोड्यांतून बाहेर आलेला कापूस सगळा उठला आणि पूर्वेकडे उडाला, कमलबाईचा पदर डोक्यावरून सरकला...

"गेली वाट्टे," ती म्हणाली.

"काय गेली?"

"मले काय मालूम बाई? तोंडातून निघालं." तिचा चेहरा उतरला होता.

बैल चालू लागले.

संध्याकाळी मिस्टरांना फोन केला. ते म्हणाले, जनावरांना जमिनीतले हादरे कळतात. म्हटलं, कसले हादरे? रूळ कुठे आहेत? वावटळ म्हणावी तर तुरीचं पान का हललं नाही? कमलबाईलाही वसंताने फितवलं का, हेसुद्धा मनात येऊन गेलं. पण कापसाला कोण फितवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीच्या घरी गेले. त्याच्या बायकोने मला बसा म्हटलं नाही. मी म्हटलं, "चला, गाडी जुंपायची आहे."

"बैल चालायले लागले का?"

"नाही. थांबतात. मी काल तुतारी टोचून पाहिली."

"म्या कधी टोचली नाही," तो म्हणाला. "बाई, चारचौघांत बोलल्या होत्या. चारचौघांत सांगा."

त्याला घेऊन हॉटेलात गेले. बाकावर कालचीच माणसं होती, वसंताही होता. मी उभ्यानेच सांगितलं, "निवृत्तीभाऊंनी बैल अडवले नाहीत. मी चुकीचं बोलले. साल चालू आहे त्यांचं."

"मंग बैल काऊन थांबतात, वयनी?" वसंताने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि निवृत्तीसाठी चहा सांगितला.