नीनाबाईच्या बुटाचं वजन

भूतबीत मी मानत न्हाई. उमर गेली ऊसतोडीत, उसाच्या पाल्याच्या कोपीत झोपले... साप दिसला, लांडगा दिसला, भूत एक बी न्हाई. साळंत दोनच वर्षं गेले, म्हणून मी बोलती आन् सून सारिका मोबाइलवर लिहिती.

दोह्यात अल नस्र भागात तिसऱ्या मजल्यावर पोराचं घर हाये. समोरच्या दारात नीनाबाई, माझ्याच वयाची रशियन बाई, लेकीकडं आलेली. एक दिवस दारात बसून रडत व्हती. मांडीवर लोकरीचा जाडजूड बूट, एकच.

सारिकानं मोबाइल मधी धरला. नीनाबाई रशियन बोलली की मोबाइल मराठी बोलायचा.

"ह्याच्यात आमच्या घरचा म्हातारा हाये."

सारिका दचकली. "नवरा?"

"नवरा कवाच मेला. हा घराचा राखणदार, चुलीमागं ऱ्हातो. घर बदललं की बुटात बसवून न्यायचा. हितं लेकीकडं काचेची शेगडी, जाळच न्हाई. म्हातारा बाहेरच येईना!"

मला काय नवल वाटलं न्हाई. तोडीला निघताना माझी सासू चुलीचा एक दगड गाडीत टाकायची.

मग तिनं गावाचं सांगितलं. जंगल तोडून सात घरं बसली. पुढं सगळ्यांची जमीन सरकारनं एक केली. लढाईला गडी गेले ते आलेच न्हाईत, बायांनी नांगर ओढला. मागून साळा बंद, दुकान बंद, यष्टी बंद. शेवटच्या हिवाळ्यात धूर एकाच घरातून... हिच्या.

"मी मेल्यावर गावचा हा एकलाच. ह्याला घर मिळालं न्हाई, तर गाव खलास."

मी म्हणलं, "बाई, माझ्याकडं ग्यास हाये. आणा त्यांना."

सारिकाला हसू आवरंना. तिनं बॅगा मोजायचा काटा आणला, बूट आकड्याला लावला. अडीच किलो! आत पावाचा वाळका तुकडा, बाकी काय न्हाई.

मी भाकरी थापली, वाटीत दूध ठेवलं. नीनाबाईनं हाक मारली. मी बी म्हणलं, "या बाबा, लाजू नका, घर तुमचंच हाये."

परत बूट मोजला. नऊशे ग्राम.

"आई, काट्याचा सेल गेलाय," सारिका म्हणली. पाच किलोची तांदळाची पिशवी लावली... बरोबर पाच भरली.

तवापास्नं नीनाबाई रोज सकाळी दारात. "जेवला का?" मी सांगायची, जेवला. दूध सरायचं. सारिका म्हणायची मुंग्या. माझी एक चप्पल गेली ती बी मुंग्यांनीच नेली म्हणायची!

आता माझा व्हिसा सरला, उद्याचं विमान हाये. नीनाबाईचं तोंड सुकलं. आमच्याकडं पोरगं-सून दोघं डुटीला, जेवण बाहेरून येतं. ग्यास पेटवणार कोण? म्हातारा गारठणार, गाव बुडणार.

"नीनाबाई, त्यांना इचारा. माझ्या गावाला चूल हाये, तीन दगडाची. पण आमचं गाव बी दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून निम्मं रिकामं व्हतं. आधीच सांगितल्यालं बरं."

तिनं शेगडीपाशी वाकून लई येळ सांगितलं. बूट तिथंच ठेवला, दार लोटून आम्ही दोघी चा प्यायला समोर गेलो.

येऊन मोजला... अडीच किलो.

नीनाबाई रडली न्हाई. तिनं बुटाला पदर... पदर कुठला, तिचा रुमाल गुंडाळला, माझ्या हातात दिला. मोबाइल म्हणला, "थंडीत म्हाताऱ्याला भाकर ऊन द्यायची."

पोरगं म्हणतं काटा बिघडलाय. नीनाबाई म्हणती गाव चाललं. मला अडाणीला काय कळतंय... कशानं झालं, ते मला सांगता येत न्हाई.

सारिका तर आजून म्हणती, असलं काय नसतं. पण बॅग जड झाली तवा खजुराची दोन पाकिटं तिनंच काढली. बुटाला हात लावला न्हाई.